ओठांवर नसलेलं

१

माईचे कान मागांनी खाल्ले. सव्वीस वर्षं ती कापडगिरणीत विणकामावर होती. एका छपराखाली दोनशे माग, आणि दोनशेच्या दोनशे एकाच वेळी धडधडणारे. आत पाऊल टाकलं की माणसाचा आवाज तोंडातून निघता निघताच विरून जायचा. म्हणून तिथल्या बायका आवाजाने बोलतच नसत, ओठांनी बोलत. कोणाची सासू आज फणकारली, मुकादम कोणत्या कुशीवर उठलाय, सगळं चार माग पलीकडून नुसत्या ओठांवरून कळायचं. हसायचं ते खांद्यांनी. माई त्यात सगळ्यांच्या पुढे. पाठमोऱ्या बाईचा नुसता गाल हलताना दिसला तरी ती काय म्हणाली ते माई सांगते, अशी तिची ख्याती होती.

गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, आणि जाताना माईचं ऐकणंही घेऊन गेले. साठी उलटल्यावर तर दाराची बेल कळेना की उघडा राहिलेला नळ कळेना.

तिचे यजमान घरोघरी विजेची मीटरं वाचत फिरायचे. सगळी वस्ती त्यांना मीटरवाले म्हणायची. दिवसाला सव्वाशे दारं, आणि प्रत्येक दारामागे काहीतरी चाललेलं. संध्याकाळी चपला काढता काढताच सुरुवात व्हायची, "ऐकलंस का..." मग नवी मीटरं आली. ती आपले आकडे आपणच कचेरीत पाठवू लागली. दारापाशी कोणी जायची गरज उरली नाही. मीटरवाले घरी बसले. पहिलं वर्षभर तरी ते सकाळी उठून आपल्या जुन्या रस्त्याने चक्कर मारून येत. पुढे तेही सुटलं.

घरात दोनच माणसं. एक ऐकू न येणारं, दुसरं सांगायला काही नसलेलं. माई विचारायची, "काय म्हणालात?" मीटरवाले एकदा परत सांगत, दुसऱ्यांदा कपाळाला आठी घालून सांगत, तिसऱ्यांदा हात झटकत. त्यांच्या ओठांवर माईने गेल्या पाच-सात वर्षांत सर्वांत जास्त वेळा वाचलेले शब्द दोनच. काही नाही.

म्हणून कानाच्या मशीनचं त्यांनीच मनावर घेतलं, तेव्हा माईला भरून आलं.

२

मशीन म्हणजे वालाच्या दाण्याएवढे दोन दाणे. प्रत्येक कानामागे एक बसायचा, त्याची केसासारखी तार कानात जायची. सेंटरवरच्या मॅडमनी ते बसवलं, मोबाइलवर काहीबाही केलं आणि मीटरवाल्यांना खूण केली. ते खाकरले. मग त्यांच्या बाजूने आवाज आला, "ऐकलंस का?"

माई खुर्चीतच रडायला लागली. हे दोन शब्द नवऱ्याने कधीच टाकून दिले होते. बहिऱ्या बायकोला कोण म्हणणार, ऐकलंस का? आणि आवाज तसाच होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला, गोड आणि थोडासा घोगरा. माणूस म्हातारा होतो पण आवाज होत नाही वाटतं, तिने मनाशी म्हटलं.

त्यानंतरचे आठ महिने कसे गेले ते तिला कळलंच नाही. मीटरवाले बोलत होते. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, ती खिडकीपाशी रफूचं काम घेऊन बसलेली असताना, पाठीमागून आवाज यायचा, "ऐकलंस का, त्या तिसऱ्या गल्लीत एक पोपट होता. मी बेल वाजवली की आतून ओरडायचा, साहेब घरी नाहीत, उद्या या. दोन महिने मी परत फिरलो बघ त्या पोपटाच्या शब्दावर." माई सुई ठेवून हसायची. सुनेला सांगावं तसं खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला सांगायची, "आमच्यांना या वयात कंठ फुटलाय."

एका दुपारी तर नवल झालं. माई मटार सोलत होती. मीटरवाले समोर पेपर उघडून बसले होते, कपाळापर्यंत पेपर. आवाज आला, "ऐकलंस का, आज बाळाची आठवण आली."

माईचा हात थांबला. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगा झाला होता. एकोणीस दिवसांचा होऊन गेला. ती स्वतः तापात दवाखान्यात पडून होती. मीटरवाले एकटेच त्याला घेऊन गेले, एकटेच परत आले, हात धुतले, आणि त्या दिवसानंतर त्याच्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पुन्हा मूल झालं नाही. तिने विचारायचं सोडून दिलं होतं.

"जाताना मी वाटेत एका बाकावर बसलो होतो," आवाज सांगत होता. "त्याच्या तोंडावरचं कापड जरा बाजूला केलं. म्हटलं, ऊन तरी बघू दे. तेवढ्यात समोर बस येऊन थांबली. ड्रायव्हरला वाटलं, आम्हाला जायचंय. दार उघडून वाट बघत राहिला बिचारा. मी म्हटलं, नाही हो, आम्हाला नाही जायचं. आम्हाला म्हटलं मी. ऐकलंस का? आम्हाला."

माई उठली. मटार मांडीवरून घरंगळले. तिने जाऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मीटरवाल्यांनी पेपर खाली केला आणि तिच्याकडे पाहिलं. कोणी भलत्याच दारात येऊन उभं राहावं तसं पाहिलं. माईला वाटलं, लाजले असतील. पुरुषमाणूस, त्यातून इतक्या वर्षांनी.

३

तो स्क्रूचा दिवस मंगळवार होता. मीटरवाले स्टुलावर चढून पडद्याचा दांडा बसवत होते. हातात स्क्रूड्रायव्हर, दोन स्क्रू ओठांत दाबून धरलेले. माई खाली स्टूल धरून उभी.

"पडदा मापात बसला बघ," आवाज आला. "फिका निळा भिंतीला शोभतो. मागचा भलताच मळकट होता."

"हो, बरा दिसतो," माई म्हणाली. म्हणाली आणि वर बघतच राहिली.

दोन्ही स्क्रू ओठांत जसेच्या तसे होते.

गिरणीत नवी पोर आली की माई तिला पहिला धडा हाच द्यायची. बाकी सगळं चुकेल, पण प, फ, ब, भ, म कधी चुकायचे नाहीत, कारण ते ओठ मिटून उघडल्याशिवाय निघतच नाहीत. पडदा, मापात, बसला, बघ, फिका, भिंत. एवढ्या वेळा ओठ उघडते तर स्क्रू खडखड करत फरशीवर पडायला हवे होते.

मीटरवाल्यांनी एक स्क्रू ओठांतून काढला आणि दांड्याला लावला.

"आत्ता काय म्हणालात तुम्ही?" माईने विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. दुसरा स्क्रू ओठांतच होता. त्यांनी खांदे उडवले. आणि त्याच क्षणी, तितक्याच गोड आवाजात, माईच्या कानात उत्तर आलं, "म्हटलं, तू धरलंयस म्हणून पडत नाही मी."

४

माई काही भोळी बाई नव्हती. तिने स्वतःशी नीट हिशेब केला. एक तर डोळे. मोतीबिंदू काढून वर्ष झालं होतं, उजव्या डोळ्याला अजून धूसर दिसायचं. दुसरं, मीटरवाले आयुष्यभर दातांतल्या दातांत बोलत आले. तिसरं, मशीनला आवाज पोचवायला वेळ लागत असेल. त्यांनी आधी म्हटलं असेल, स्क्रू मागाहून तोंडात घातले असतील. तिने तिन्ही कारणं एकाखाली एक लावली. त्यांतलं तिसरं तिला जरा बरं वाटलं, म्हणून तेच धरून ती दोन दिवस राहिली.

गुरुवारी ती ओट्यापाशी पीठ मळत होती. बाहेरच्या खोलीतून मीटरवाले बोलत होते. जिन्यावरचा दिवा सारखा जातो, आता तक्रार कोणाकडे करायची, यंत्राकडे, आणि यंत्र म्हणतं एक दाबा, दोन दाबा. माई हसत हो ला हो देत होती. "पाणी देतेस का गं जरा?" आवाज म्हणाला. ती पेला घेऊन बाहेर गेली.

खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या खोलीत कोणी नव्हतं. न्हाणीघराचं दार सताड उघडं. दाराजवळच्या त्यांच्या चपला नव्हत्या.

"ठेव तिथेच," आवाज म्हणाला. खुर्चीकडूनच आला तो. "पितो मी."

माई पेला हातात धरून उभी राहिली. किल्लीने दार उघडून मीटरवाले आत आले ते वीस मिनिटांनी, हातात साबणाची पुडी आणि दूध. तिच्या हातातला पेला बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"मोबाइलवरून बोलत होतात ना माझ्याशी?" तिने विचारलं. मशीन त्यांच्या मोबाइलला जोडलेलं आहे हे तिला माहीत होतं. तसं असेल तर सगळं बसत होतं. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती, आणि त्यांनी हो म्हणावं म्हणून अगदी मनापासून बघत होती.

मीटरवाल्यांनी मान हलवली. हो आणि नाही यांच्या मधली. मग दूध ठेवायला ते आत निघून गेले.

मोबाइल टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. सकाळपासून तो तिथेच होता.

५

शुक्रवारी जेवताना तिने बघायचं ठरवलं.

दोघं समोरासमोर बसले. खिडकीतून भरपूर उजेड होता. मीटरवाल्यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसत होती, उजव्या डोळ्यालासुद्धा. ते मान खाली घालून जेवत होते. कानात आवाज चालू होता, काकडीबद्दल, उन्हाबद्दल, शिंपिणीच्या नव्या मशीनबद्दल.

माईने केस सारखे करण्याच्या निमित्ताने दोन्ही दाणे काढून मुठीत घेतले. जग बंद झालं. मीटरवाले चावत होते. ओठ मिटलेले. तिने मनात वीस अंक मोजले. त्यांनी घास गिळला, दुसरा घेतला. ओठ मिटलेले.

तिने दाणे परत घातले. "...आणि तुझ्या हातची चव काही वेगळीच," आवाज वाक्याच्या मध्यावर होता. "बाहेर कितीही खा."

पुन्हा काढले. चावणारा जबडा, मिटलेले ओठ, पाण्याचा घोट. पुन्हा घातले. "...म्हणून मी कधी बाहेर जेवलो नाही."

तिसऱ्यांदा तिने मशीन काढलं आणि स्वतःच बोलली. आपला आवाज केवढा निघाला ते तिला कळलं नाही. मोठा निघाला असावा, कारण मीटरवाले दचकले. "काय म्हणालात?"

त्यांचे ओठ हलले. आज दिवसभरात पहिल्यांदा. माईने स्वच्छ वाचलं.

काही नाही.

तिने मशीन कानात सरकवलं.

"म्हटलं," आवाज मायेने म्हणाला, "आज तू थकलेली दिसतेस."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटरवाले आरामखुर्चीत झोपले होते. तोंड उघडं, मान कलंडलेली. माईने पिशवी घेतली आणि हळूच चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" आवाज म्हणाला.

तिने वळून पाहिलं. मीटरवाल्यांची छाती संथ वरखाली होत होती.

"ऊन आहे. छत्री तरी घे," आवाज म्हणाला. आणि ती जिन्यात पोचल्यावर, "उद्या जाऊ या की दोघं. मागे फिर."

माईने मशीन ओरबाडून काढलं आणि रुमालात बांधलं. वाटेत तिने दोनदा रुमाल उघडून पाहिला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सेंटरवरच्या मॅडम तरुण होत्या, तोंडावर मास्क. माईने त्यांच्यासमोर मशीन कानात घातलं आणि काय होतंय ते सांगितलं. मॅडमचे मास्कवरचे डोळे मोठे झाले. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माईला बसायची खूण केली. कानात मात्र मॅडमचा आवाज हसत होता, "सगळं उत्तम आहे आजी. तुम्ही निवांत घरी जा."

माईने मशीन काढून काउंटरवर ठेवलं.

"मास्क खाली करा," ती म्हणाली. "आवाज नको. नुसते ओठ हलवा. सावकाश."

मॅडमनी मास्क खाली केला. ओठ म्हणाले, "तुमची 'सोबत' चालू आहे."

"कसली सोबत?"

"मशीनमधली सोय आहे, आजी. घरात बराच वेळ कोणी बोललं नाही की मशीन बोलतं. घरातल्या माणसाच्या आवाजात. आणि कोणी काही टोचणारं बोललं तर ते मऊ करून ऐकवतं."

"चालू कोणी केलं?"

 मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा माईकडे वळवला. संमतिपत्र होतं. खाली सही होती, शेवटच्या अक्षराला वळसा घेऊन परत मागे येणारी. तीस वर्षं माईने ती सही मीटरच्या चिठ्ठ्यांवर पाहिली होती.

"आवाजाचे नमुने द्यायला ते इथे यायचे," मॅडमचे ओठ सांगत होते. "नऊ दुपारी. त्यांच्या तरुणपणच्या कॅसेटीही आणल्या होत्या."

नऊ दुपारी. जुन्या नोकरीतल्या मित्रांकडे पत्ते खेळायला जातो, असं सांगून जायचे. नऊ वेळा माईने त्यांच्या शर्टाला इस्त्री करून दिली होती. निघताना म्हणाली होती, जा, तुम्हालाही चार माणसांत बरं वाटेल.

"पुष्कळ घरांत चालू आहे, आजी," मॅडम धीर द्यायला म्हणाल्या. "चांगला परिणाम होतो. झोप सुधारते. कोणाला कळतही नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"मी गिरणीत होते," माई म्हणाली.

"बंद करून देऊ?"

माईने दाणे रुमालात परत बांधले. गाठ मारली, ओढून पाहिली. "आधी घरी विचारते," ती म्हणाली.

७

मीटरवाले जागे झाले होते. माईने खुर्ची ओढली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी समोर बसली. मधे स्टुलावर रुमाल ठेवला.

"कानात काही नाही माझ्या," ती म्हणाली. "बोला आता. मला दिसतं."

त्यांनी रुमालाकडे पाहिलं. मग ओठ हलू लागले, गंजलेल्या बिजागरीसारखे, अडखळत.

"दमलो होतो गं मी. एकेक वाक्य तीनतीनदा. आणि सांगणार काय? रोज संध्याकाळी तू विचारायचीस, आज काय झालं. काही झालेलंच नसायचं. मी दारावर जायचो तेव्हा माझ्याजवळ सांगायला होतं. आता कोणाचं दार आहे? तू तोंडाकडे बघत बसायचीस, आशेने. मला ते बघवेना. त्या बाई म्हणाल्या, एक सोय आहे. मला वाटलं, निदान तू तरी..."

"मी तरी काय?"

"हसशील. आणि हसायचीस तू. आठ महिने हसत होतीस."

माईला वाटलं होतं आपण ओरडू. पण राग कुठेतरी खोल जाऊन बसला होता, हाताला लागेना. आठ महिने ती ज्याच्याशी बोलली, ज्याला रुसून दाखवलं, ज्याच्यासाठी परवा नवं पातळ नेसली, तो कोण होता? आणि हा समोरचा माणूस तेव्हा तिच्याकडे बघत बसला होता. ती एकटीच हसतेय, एकटीच हो ला हो देतेय, हे बघत. रोज.

"पोपटाचं, दिव्याचं, ते मी सोडून देते," ती म्हणाली. "मला फसवलंत, ठीक. पण बाळाचं? छत्तीस वर्षं मी वाट बघितली तुमच्या तोंडून एक शब्द निघायची. आणि तुम्ही ते त्या सेंटरवर जाऊन मशीनला सांगितलंत. मला नाही सांगितलंत. मशीनला सांगितलंत."

मीटरवाल्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाळाचं काय?"

"बाकावर बसला होतात. तोंडावरचं कापड बाजूला केलंत. बस येऊन थांबली. तुम्ही ड्रायव्हरला म्हणालात, आम्हाला नाही जायचं."

तिने त्यांचा चेहरा उतरताना पाहिला. आधी ओठ पांढरे झाले, मग गाल. हातांनी खुर्चीचे दांडे असे घट्ट धरले, जणू खालची फरशीच हलली.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही. म्हणजे त्याने."

"मी हे कोणालाच सांगितलं नाही." ओठ आता अडखळत नव्हते. "तिथे मी पेपर वाचून दाखवला. मीटरच्या गमती सांगितल्या. बाळाचं नाव काढलं नाही मी. देवाशप्पथ नाही. त्या रस्त्यावर कोणी नव्हतं. मी होतो आणि तो होता."

माईने लगेच मनात कारणं मांडायला घेतली. म्हातारा माणूस आहे, बोलून गेला असेल, विसरला असेल. झोपेत बडबडला असेल, मशीन उशाशीच असायचं. सगळं होऊ शकतं. ती मांडत असतानाच मीटरवाले पुढे वाकले. त्यांची नजर रुमालावर होती. डोळ्यांत भीती होती, पण नुसती भीती नव्हती.

"आणखी काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

"तो कोण?"

मीटरवाल्यांनी ओठ मिटून घेतले.

८

मशीन परत करायला तेच गेले. माईने डबीत घालून दिलं, त्यांनी खिशात ठेवलं, तासाभराने परत आले आणि तिच्यासमोर उभे राहून सावकाश म्हणाले, "देऊन टाकलं."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी खिडकीपाशी समोरासमोर बसू लागले. त्यांनीच म्हटलं तसं. सांगण्यासारखं फारसं नसायचं, पण जे असायचं ते ओठांवर असायचं. दुधाची पिशवी फुटली. पायाला गोळा आला. एकदा ते म्हणाले, "चुकलो मी." माईने ते वाचलं, आणि खरं वाटावं म्हणून परत म्हणायला लावलं. त्यांनी परत म्हटलं, न चिडता. माईचं मन अजून धरत नव्हतं. पण तुटलेल्या धाग्याची टोकं निदान समोर दिसत तरी होती, आणि सांधायचं तिला येत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी बसणं अर्ध्या तासावर आलं. मग ते म्हणू लागले, गॅलरीत जरा वारा खातो. तिकडे तोंड करून बसत. माईने मनाला लावून घेतलं नाही. माणसाची जुनी सवय, लगेच कशी जाईल?

त्या दिवशी ती खाली शिंपिणीकडे रफूचे कपडे द्यायला गेली होती. शिंपीण बाहेर गेली होती, म्हणून लगेच परत फिरली. दार उघडून आत आली. मीटरवाले गॅलरीत पाठमोरे बसले होते. माईने पिशवी खाली ठेवली आणि सवयीने त्यांच्या गालाकडे पाहिलं.

गाल हलत होता.

गॅलरीच्या काचेत त्यांचा चेहरा पडला होता. ओठ चालले होते. भराभर, न अडखळता, चपला काढता काढता सुरू व्हायचे तेव्हासारखे. मधेच थांबत, मान कलती करून ऐकत, आणि हसत. महिनाभरात त्यांनी केस कापले नव्हते. वाऱ्याने कानावरचे केस उडाले तेव्हा माईला कानामागे तो दाणा दिसला आणि आत गेलेली तार दिसली.

"हो, तीच बस," ओठ म्हणत होते. "लाल होती ना? बघ, मला रंग आठवत नव्हता." थांबले. ऐकलं. डोळे पुसले. "नाही, थंडी नव्हती वाजत. मी धरलं होतं तुला."

 माईने दाराची चौकट धरली. तेवढ्या हालचालीने काचेत मीटरवाल्यांची नजर वर आली, आणि दोघांची नजरानजर झाली. ते दचकले नाहीत. दारात आलेल्या परक्या बाईकडे बघून सभ्य माणूस हसतो, तसे हसले. मग त्यांनी मान कलती केली. कानात काहीतरी विचारलं गेलं असावं.

"आई?" ओठ म्हणाले. तिच्याकडे बघतच म्हणाले. "आहे ना. ही काय, मागेच उभी आहे."

पुन्हा ऐकलं. मग मायेने, समजूत घालावी तशी मान हलवली.

"नाही रे राजा. तिला कुठे ऐकू येतं?"